फार्मसीच्या वर्गात जंतू आणि प्रतिकारशक्ती: सीमाभागातल्या शिक्षकांकडून, विद्यार्थ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यात फार्मसी कॉलेजं बरीच आहेत. तिथं नव्यानं रुजू झालेली शिक्षक मंडळी मायक्रोबायोलॉजीचा तास हाती आला की फोन करतात. विद्यार्थीही विचारतात, कधीकधी त्यांचे आईवडीलही. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण वर्गात आणि लॅबमध्ये त्याच जागी सगळ्यात जास्त चुका होताना मी पाहते.

आम्हाला डॉक्टर व्हायचं नाही, पॅथॉलॉजी लॅबही टाकायची नाही. मग जंतू एवढे खोलात कशाला शिकायचे?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि मी दर वर्षी उत्तरादाखल मुल्कोवालची गोष्ट सांगते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन ह्यांनी तिथं प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांना ती टोचली गेली, आपल्या शेजारच्या हुबळीतही १८९८ च्या साथीत मोठ्या प्रमाणावर टोचणी झाली. मग ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली. त्यांतले १९ जण धनुर्वातानं गेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते.

लशीतले प्लेगचे जंतू मेलेलेच होते. लस चुकीची नव्हती, बाटली दूषित झाली होती. चौकशीत आधी मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका आला. तिथं लशीत कार्बॉलिक अ‍ॅसिड घालायचं बंद करून उष्णतेनं निर्जंतुक करायला सुरुवात झाली होती, त्यावर बोट ठेवलं गेलं. नंतर पुढे आलं की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरले, पण त्याला १९०७ साल उजाडलं.

हे सांगून झालं की मी विचारते: ह्यात डॉक्टरचं काम कुठलं आणि फार्मासिस्टचं कुठलं? वर्ग गप्प होतो आणि मग कोणीतरी म्हणतं, "मॅडम, बाटली आमची की." तेवढंच मला हवं असतं. डॉक्टर जंतू शोधतो तो रुग्णाच्या अंगात. फार्मासिस्टनं तो औषधाच्या बाटलीत, हवेत, पाण्यात, स्वतःच्या हातावर शोधायचा असतो. सलाईन, डोळ्यांचे थेंब, इंजेक्शन ह्या गोष्टी अंगाच्या सगळ्या भिंती ओलांडून आत जातात. तिथं "बहुतेक स्वच्छ असेल" चालत नाही.

अभ्यासक्रमात हा विषय नेमका कुठं येतो?

फार्मसी कौन्सिलच्या २०१४ च्या नियमावलीवर चालणाऱ्या बी.फार्म.ला तिसऱ्या सेमिस्टरमध्ये फार्मास्युटिकल मायक्रोबायोलॉजी आहे, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही. इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचा अभ्यास, मात्र सहाव्या सेमिस्टरला, बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात येते. डी.फार्म.ला ह्यातला थोडा भाग सोशल फार्मसीत येतो.

मधलं दीड वर्ष मला खटकतं. जंतू शिकताना शरीर त्याला काय उत्तर देतं हे सांगितलंच नाही तर मुलांच्या मनात दोन वेगळे विषय तयार होतात. म्हणून मी तिसऱ्या सेमिस्टरला दोन जादा तास घेऊन प्रतिकारशक्तीची ओळख करून देते. परीक्षेत त्याचे गुण नाहीत, तरी घेते.

शाळा मराठी माध्यमाची, पेपर इंग्रजीत, बाकावर शेजारी कन्नड बोलणारा. शिकवायचं कुठल्या भाषेत?

पेपर इंग्रजीत आहे हे मान्य करून सुरुवात करायची. संज्ञा इंग्रजीच शिकवा, त्यांचं स्पेलिंग फळ्यावर लिहा, मुलांकडून लिहून घ्या. पण समजावणं त्या मुलाच्या भाषेत होऊ द्या. खानापूर तालुक्यातल्या वाडीतून आलेली मुलगी दहावीपर्यंत मराठीत विचार करत आली आहे. तिला तुम्ही पहिल्या दिवसापासून अस्खलित इंग्रजीत ऐकवलंत तर ती पाठ करेल आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) एक शब्द मागेपुढे झाला की अडेल.

आपल्याकडची खरी सोय अशी की दोन भाषा शेजारी बसलेल्या असतात. मी विरजण म्हटलं की पलीकडचा मुलगा "हेप्पु" म्हणतो. सूक्ष्मजीव हा शब्द कन्नडमध्येही जवळजवळ तसाच आहे. आपली लस तिकडे लसिके होते. मी एका बाकावर मुद्दाम एक मराठी आणि एक कन्नड घरचं मूल बसवते आणि एकमेकांना धडा समजावून सांगायला लावते. जो दुसऱ्याच्या भाषेत सांगू शकतो त्याला तो समजलेला असतो.

भाषेमुळे होणारे ठरावीक घोटाळे मात्र आधीच मोकळे करावे लागतात. आपण "सूज" हा एकच शब्द पाणी साठण्यालाही वापरतो आणि दाहालाही. "जंतुनाशक" म्हटलं की जखमेवरचं औषध आणि फरशीवरचं औषध एकाच पारड्यात पडतात. आणि "अँटी" नं सुरू होणारे चार शब्द! अँटिजन, अँटिबॉडी, अँटिबायोटिक, अँटिसेप्टिक. मी चार कोपऱ्यांत चौघांना उभं करते आणि प्रत्येकाला एकच वाक्य देते. अँटिजन म्हणजे शरीराला परका वाटणारा. अँटिबॉडी म्हणजे त्याला ओळखून चिकटणारं, शरीरानं स्वतः घडवलेलं प्रथिन. अँटिबायोटिक हे बाहेरून दिलेलं औषध, जिवाणूवर चालणारं. अँटिसेप्टिक जिवंत कातडीवर लावायचं. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढचे सहा महिने सोपे जातात.

पहिल्या तासाला काय घ्यावं?

विरजण. सूक्ष्मदर्शक नको, इतिहास नको.

पहिल्या दिवशी घरचा अभ्यास देते: आज रात्री दही लावा, किती वाजता लावलं आणि किती वाजता लागलं ते लिहून आणा. दुसऱ्या दिवशी वीस घरांच्या वीस वेळा फळ्यावर येतात. कोणी दूध फार गरम असताना विरजण घातलं, त्याचं दही लागलंच नाही. कोणी फ्रीजमधलं आठवड्याचं दही वापरलं, त्याला वेळ लागला. डिसेंबरातल्या थंडीत भांडं जुन्या शालीत गुंडाळून ठेवणारी आजी इन्क्युबेटर चालवत असते. विरजण घातल्यावर पहिले काही तास काहीच घडत नाही असं वाटतं तो लॅग फेज, मग झपाट्यानं घट्ट होतं तो लॉग फेज, आणि आंबट झाल्यावर थांबतं, कारण जंतूंनी स्वतःच केलेलं आम्ल त्यांना नडतं. वाढीचा आलेख मी नंतर काढते. तोवर तो मुलांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहिलेला असतो.

ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करायचं भांडं) १५ पौंड दाबाला, १५ मिनिटं नीट चालवला तरी आमचे ब्रॉथ (जंतू वाढवायची पातळ माध्यमं) गढूळ होतात. काय चुकतं?

नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या कॉलेजात होते तिथं माझ्याच हातून हे झालं आहे. सलग तीन आठवडे फ्लास्क गढूळ. मी मुलांना बोलले, कापसाचे बोळे ढिले बसवता म्हणाले. बोळे ठीक होते. आमचा मदतनीस गॅस वाचावा म्हणून वाफेचा कॉक लवकर बंद करत होता आणि मी काट्याकडे पाहून समाधान मानत होते.

जंतू मरतो तो उष्णतेनं. दाब हे ती उष्णता मिळवायचं साधन. भांड्यात शुद्ध वाफ असेल तर १५ पौंडाला १२१ अंश सेल्सिअस मिळतात. अर्धी हवा आत राहिली तर तोच काटा १५ दाखवतो, पण आत ११२ अंशच असतात. हवा अजिबात बाहेर गेली नाही तर १००. बॅसिलस ह्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कठीण कवचातली सुप्त रूपं, १०० अंशाला आरामात तग धरतात. म्हणून वाफेची सलग, जोरदार धार येईपर्यंत कॉक उघडा ठेवायचा. मुलांना हे पटवायला काहीच लागत नाही: घरी आई कुकरमधून वाफ यायला लागल्यावरच शिट्टी ठेवते. का ठेवते ते तिला विचारून या म्हणावं.

दुसरी गोष्ट फक्त आपल्या गावाची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथं पाणी १०० ला उकळत नाही, साधारण साडेसत्त्याण्णवला उकळतं. काटा दाब मोजतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा, आणि आपल्याकडची हवा मुंबईच्या हवेपेक्षा हलकी. त्यामुळे १५ वर काटा आला तरी आत १२१ पेक्षा एक-सव्वा अंश कमी असतात. पुस्तकातला १५ चा आकडा समुद्रकाठचा आहे. आपल्याकडे काटा १६ च्या थोडा पुढे न्यावा, आणि तापमापक असेल तर त्यावरच विश्वास ठेवावा. ही गणितं मी मुलांकडून प्रत्यक्ष करून घेते. आपल्या गावाची उंची औषधाच्या निर्जंतुकीकरणात शिरते हे पाहून त्यांचे डोळे चमकतात.

तिसरं: १५ मिनिटं मोजायची ती तापमान गाठल्यापासून. आणि लिटरभराचा फ्लास्क आतपर्यंत तापायला टेस्ट ट्यूबपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. खात्री करायची तर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची पट्टी आत ठेवा आणि नंतर ५५ ते ६० अंशावर उबवून बघा.

निर्जंतुक झालं म्हणजे पायरोजेनमुक्त (ताप आणणाऱ्या पदार्थांपासून मुक्त) झालं का?

नाही. ऑटोक्लेव्हमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह जंतू (हा गट पुढच्या उत्तरात येतो) मरतात, पण त्यांच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन हे विष तिथंच राहतं. असं पाणी शिरेत गेलं तर थंडी वाजून ताप येतो. काचेच्या भांड्यांवरचं एंडोटॉक्सिन घालवायला २५० अंशाची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. तपासायला पूर्वी सशांना टोचून ताप मोजत, आता हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींपासून केलेली एलएएल चाचणी वापरतात. हे प्राणी आपल्या देशात ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर आहेत, त्यांचं चित्र नक्की दाखवा.

ग्रॅम स्टेनिंग (जंतूंना रंग देऊन त्यांचे दोन गट ओळखायची पद्धत) अर्ध्या वर्गाचं बिघडतं. सोपा उपाय आहे का?

बिघडतं ते तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी हात पाहावा लागतो.

एक, स्मिअर (काचेवर पसरलेला जंतूंचा थर) जाड. मुलं लूपभर (तारेच्या कडीभर) कल्चर, म्हणजे वाढवलेले जंतू, काचेवर भाकरीवर लोणी फासावं तसं फासतात. लूपच्या टोकाला दिसेल न दिसेल एवढं घ्या, थेंबभर पाण्यात पसरवा. सुकल्यावर खाली ठेवलेली छापील अक्षरं त्यातून वाचता आली पाहिजेत. दोन, हीट फिक्सिंग. स्लाइड ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायची. नंतर मनगटाच्या मागच्या बाजूला टेकवून पाहा, कोमट लागली तर बरोबर, चटका बसला तर जंतू भाजले. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, अल्कोहोल. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, हे घड्याळावर चालतं. अल्कोहोल डोळ्यांवर चालतं. स्लाइड तिरकी धरा, थेंब थेंब सोडा, खालून जांभळं उतरायचं थांबलं की त्याच क्षणी पाणी. साधारण दहा-पंधरा सेकंद. थोडं जास्त झालं तर जांभळा राहायला हवा तो ग्रॅम-पॉझिटिव्ह स्टॅफिलोकॉकससुद्धा गुलाबी दिसतो आणि मग मूल पूर्ण आत्मविश्वासानं जर्नलमध्ये "ग्रॅम-निगेटिव्ह" लिहितं.

जुनं कल्चर वापरू नका. आठवडाभर पडलेला ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू रंग धरून ठेवत नाही. १८ ते २४ तासांचं घ्या.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम ह्यांनी ही पद्धत १८८४ मध्ये मांडली. आज जंतूची भिंत ओळखायला तीच वापरतो आणि त्या भिंतीवरूनच पेनिसिलिन कुठं चालेल ह्याचा पहिला अंदाज येतो. म्हणून ही फक्त रंगरंगोटी समजू नये.

विषाणू डोळ्यांना दिसत नाही, प्लेटवर (जंतू वाढवायच्या बशीत) वाढत नाही. शिकवायचा कसा?

निपाणीच्या मुलांना उभं करा. त्यांच्या घरी तंबाखू असतो. पानांवर फिकट-गडद हिरवे डाग पडतात, पानं आकसतात, हे वडिलांच्या शेतात पाहिलेलं कोणी ना कोणी वर्गात असतंच. जगातला पहिला ओळखला गेलेला विषाणू तोच, टोबॅको मोझेक व्हायरस.

१८९२ साली दिमित्री इव्हानोव्स्की ह्यांनी रोगट पानांचा रस चिनी मातीच्या बारीक गाळणीतून गाळला. जिवाणू अडवणारी ती गाळणी. गाळलेला रस निरोगी झाडाला लावला तरी रोग झाला. १८९८ मध्ये मार्टिनस बायजेरिंक ह्यांनी सांगितलं की हा जिवाणूपेक्षा वेगळाच काही प्रकार आहे, फक्त जिवंत पेशीत वाढणारा. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्लींनी त्याचे स्फटिक काढले.

इथंच थांबू नका, हा धागा लगेच आपल्या धंद्याकडे वळवा. उष्णता सोसत नाही असं इंजेक्शन आपण ०.२२ मायक्रॉनच्या मेंब्रेन फिल्टरमधून गाळतो. जिवाणू अडतात. विषाणू? इव्हानोव्स्कींच्या गाळणीतून गेला तसा इथूनही जातो. निपाणीच्या एका मुलानं हे ऐकून विचारलं होतं, "मग रक्तापासून केलेली औषधं गाळून सुरक्षित कशी?" इतका चांगला प्रश्न मला कुठल्या प्रश्नपत्रिकेत दिसलेला नाही.

पावसाळ्यात प्लेटवर नुसती बुरशी येते. काय करावं?

खानापूरकडच्या पावसात ही तक्रार दर वर्षीची. कापसाचे बोळे ओले झाले की बुरशी त्यातून आत उतरते, म्हणून बोळ्यावर कागद बांधा. प्लेटा पालथ्या ठेवून उबवा. लॅमिनार हूडचा (गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटाचा) पंखा काम सुरू करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि कामाच्या वेळी खोलीतला पंखा बंद. आणि एक रिकामी प्लेट नेहमी सोबत उबवा. तिच्यावरही बुरशी आली तर दोष मुलाच्या हाताचा नाही, माध्यमाचा किंवा खोलीचा.

आमची मुलगी लॅबमध्ये जंतू हाताळते. तिला काही होणार तर नाही?

ही काळजी रास्त आहे, आणि पालकांना नीट उत्तर द्यायला हवं. पदवीच्या लॅबमध्ये बॅसिलस सबटिलिस, ई. कोलायचे निरुपद्रवी वाण, यीस्ट अशा गोष्टींवर बहुतेक सगळं शिकवता येतं. कल्चर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी ह्या जंतुसंग्रहांकडून मागवा, म्हणजे आपण काय वाढवतोय ते ठाऊक असतं. कुठून तरी आणलेलं, नाव न लिहिलेलं कल्चर वर्गात आणू नका. तोंडानं पिपेट ओढणं पूर्ण बंद. केस बांधलेले, एप्रन, लॅबमध्ये डबा उघडायचा नाही. वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत.

प्रिझर्व्हेटिव्हचा धडा मुलांना कोरडा वाटतो.

कुंद्याचं खोकं घेऊन जा. दूध एका दिवसात नासतं, मग दुधाचाच कुंदा का टिकतो? आटवून पाणी कमी केलेलं, उरलेलं पाणी साखरेनं धरून ठेवलेलं, जंतूला वापरायला मिळत नाही. हेच सिंपल सिरपचं. वजनानं ६६.७ टक्के साखर असेल तर त्यात जंतू वाढत नाहीत. मग बाटलीच्या गळ्याशी बुरशी का दिसते? गरम सिरप भरून झाकण लावलं की वाफेचे थेंब वर जमतात, ते खाली ओघळतात आणि वरचा पातळ थर सौम्य होतो. बुरशीला तेवढं पुरतं. चिकोडी-अथणीकडच्या मुलांना काकवीच्या डब्यात हे घरीच पाहायला मिळतं.

इम्युनॉलॉजी मुलांना हवेतली वाटते. सुरुवात कुठून करावी?

गोठ्यातून. म्हैस व्यायली की पहिला चीक वासराला पाजतात, उरलेल्याचा खरवस होतो. चिकात प्रथिनं इतकी असतात की गूळ-वेलदोडा घालून वाफवला की वडी धरते, आणि त्या प्रथिनांत अँटिबॉडींचा वाटा मोठा असतो. गाई-म्हशींच्या वारेतून अँटिबॉडी वासराकडे जात नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ रिकाम्या हातानं, आणि त्याचं आतडं पहिल्या साधारण २४ तासांतच चिकातल्या अँटिबॉडी आख्ख्या शोषून घेतं. माणसात आयजीजी हा अँटिबॉडीचा प्रकार वारेतून बाळाकडे जातो आणि आईच्या पहिल्या दुधात मुख्यतः आयजीए हा दुसरा प्रकार असतो. आईनं बाळाला तयार शिदोरी दिली, ही पॅसिव्ह इम्युनिटी. आणि आपण खरवस खाल्ला तर? वाफेनं ती प्रथिनं मोडलेली असतात, चव मिळते, प्रतिकारशक्ती नाही. हा प्रश्न परीक्षेत नसतो, पण प्रथिनाचा आकार मोडला की काम थांबतं हे मुलांना ह्यातून कायमचं कळतं.

मग उसाच्या फडात जा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ह्या चौघांच्या विषाविरुद्ध आपल्याकडे एकच प्रतिविष मिळतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, घोडा अँटिबॉडी बनवतो, त्याच्या रक्तद्रवातून त्या काढतात. सर्पदंश झालेल्याला स्वतःच्या अँटिबॉडी बनवायला वेळ नसतो, म्हणून तयार द्यायच्या. तोच माणूस आठ-दहा दिवसांनी अंगावर गांधी, सांधेदुखी, ताप घेऊन परत येतो, कारण आता त्याच्या शरीरानं घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या. सीरम सिकनेस. एकाच रुग्णात पॅसिव्ह इम्युनिटी, अ‍ॅक्टिव्ह प्रतिसाद आणि तिसऱ्या प्रकारची हायपरसेन्सिटिव्हिटी (शरीराची अतिरेकी प्रतिक्रिया), तिन्ही सापडतात. कुत्रा चावल्यावर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन आणि दंडात लस एकाच दिवशी का देतात, हे आता मुलं आपणहून सांगतात.

लशीसाठी बेळगावच्या टिळकवाडीत जा. व्हॅक्सिन डेपो मैदान सगळ्यांना ठाऊक आहे, तिथल्या झाडाखाली फिरायला गेलेत, सभा-प्रदर्शनं पाहिलीत. पण हे नाव का पडलं असं विचारलं तर अख्ख्या वर्गात एखादाच हात वर होतो. तिथल्या संस्थेत देवीची लस बनत असे. त्या काळी ती लस वासराच्या त्वचेवर विषाणू वाढवून मिळवत. व्हॅक्सिन हा शब्दच लॅटिनमधल्या गाईवरून आलेला, कारण एडवर्ड जेन्नर ह्यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीपासून सुरुवात केली. ८ मे १९८० ला देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. मुलांच्या आजी-आजोबांच्या दंडावरचा गोल व्रण त्या कामाची खूण आहे. मी तो पाहून यायला सांगते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात घरोघरच्या गोष्टी येतात.

हायपरसेन्सिटिव्हिटीचे चार प्रकार लक्षात राहत नाहीत.

वेळेवरून लावा. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि मिनिटांत घसा आवळला, हा पहिला प्रकार, आयजीई ह्या अँटिबॉडीमुळे. चुकीच्या गटाचं रक्त चढलं, दुसरा. प्रतिविषानंतर आठवडा-दीड आठवड्यानं सांधे दुखले, तिसरा. क्षयासाठीच्या माँटू चाचणीची गाठ ४८ ते ७२ तासांनी मोजतो, चौथा. टिकलीच्या गोंदानं कपाळाला खाज सुटते किंवा खोट्या कानातल्यांनी पाळी चिघळते, तेही चौथ्यातलंच. पहिल्या प्रकारासाठी अ‍ॅड्रेनॅलिन, मोठ्या माणसाला १:१००० चं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. हा आकडा मात्र पाठच हवा.

लशींची शीतसाखळी फक्त "२ ते ८ अंश" एवढीच शिकवावी का?

तेवढ्यानं भागत नाही. मुलं "थंड ठेवा" ऐकतात आणि समजतात की जितकं थंड तितकं चांगलं. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची), टीडी (धनुर्वात-घटसर्पावरची) ह्या लशींत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, त्यावर अँटिजन बसवलेलं असतं. गोठलं की तो क्षार गुठळ्या धरतो आणि लस निकामी होते. बाहेरून बाटली पूर्ववत दिसते. कुपीवरचा व्हीव्हीएमचा (उष्णतेनं रंग बदलणाऱ्या खुणेचा) चौकोन उष्णतेची नोंद ठेवतो, गोठल्याची नाही.

त्यासाठी शेक टेस्ट वर्गात करून दाखवा. मुदत संपलेल्या दोन सारख्या कुप्या घ्या. एक रात्रभर फ्रीझरमध्ये, दुसरी नेहमीच्या फ्रीजमध्ये. सकाळी गोठलेली वितळू द्या, दोन्ही हलवा, शेजारी शेजारी ठेवा. अर्ध्या तासात गोठलेल्या कुपीत गाळ भराभर तळाला बसतो, वर निवळ पाणी. दुसरी तशीच दुधी राहते. हे एकदा पाहिलेलं मूल पुढे मेडिकलमध्ये फ्रीझरला चिकटून लस ठेवणार नाही, दारातल्या कप्प्यातही नाही. पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाते तेव्हा फ्रीजचं दार उघडू नये, हेही तिथंच सांगावं.

काउंटरवर लोक चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागतात. वर्गात शिकवलेलं तिथं टिकतं का?

टिकवायचं तर प्लेट दाखवावी लागते. कप-प्लेट प्रयोगात जंतू वाढलेल्या प्लेटवर औषधाभोवती स्वच्छ कडं पडतं ते सगळे पाहतात. मी त्यांना कड्याच्या आत पाहायला सांगते. कधीकधी तिथं टाचणीच्या टोकाएवढी एखादी वसाहत असते. औषध पुरून उरलेली ती. अर्धा कोर्स करून सोडणाऱ्या रुग्णात वाढायला तीच शिल्लक राहते.

कायद्याची बाजूही सांगा. १ मार्च २०१४ पासून औषध नियमांतलं शेड्यूल एच-१ लागू आहे. नव्या पिढीची अँटिबायोटिक्स आणि क्षयाची औषधं त्यात आहेत. चिठ्ठी पाहून द्यायचं, डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. आणि ओळखीच्या माणसाला नाही कसं म्हणायचं ह्याची तालीम घ्या. एक मूल गिऱ्हाईक, एक काउंटरवर. "काका, सर्दी विषाणूची आहे, ह्या गोळीला तिथं तोडायला भिंतच नाही. वाफ घ्या, आणि ताप उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा." हे मराठीत, कन्नडात, दोन्हीत म्हणून घ्या. इंग्रजीत पाठ केलेलं उत्तर काउंटरवर उपयोगाचं नाही.

प्रॅक्टिकलला वेळ फार कमी मिळतो. एकच प्रयोग करता येणार असेल तर कुठला?

बोटांचा. न्यूट्रिएंट अगारच्या प्लेटचे चार भाग करा. पहिल्यात न धुतलेलं बोट टेकवायचं, दुसऱ्यात नुसत्या पाण्यानं धुतलेलं, तिसऱ्यात साबणानं नीट चोळून धुतलेलं, चौथ्यात ७० टक्के अल्कोहोल लावून वाळवलेलं. ३७ अंशावर एक रात्र. पुष्कळदा दुसऱ्या भागात पहिल्यापेक्षा जास्त वसाहती येतात, कारण पाण्यानं त्वचेच्या चिरांतले जंतू सुटतात पण वाहून जात नाहीत. मुलं चकित होतात. शंभर टक्के अल्कोहोल का नको, हा प्रश्न तेव्हाच घ्या: प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं.

नाव आणि तारीख प्लेटच्या तळावर लिहायला लावा, झाकणावर नको. झाकणांची अदलाबदल होते.